बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी.पासून पीएच.डी.पर्यंत: प्रवेश, गाईड, मुलाखत आणि पैशाचं गणित

बायोकेमिस्ट्री किंवा मॉलिक्युलर बायोलॉजी घेऊन पुढे शिकायचं म्हटलं की घरी, क्लासमध्ये, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चर्चा रंगते ती विद्यापीठाच्या नावावर. माझं मत थोडं वेगळं आहे. एम.एस्सी. कुठून केलीत यापेक्षा शेवटच्या सत्रात कोणाच्या लॅबमध्ये काय केलंत, याला जास्त किंमत असते. पीएच.डी.च्या बाबतीत तर संस्थेइतकाच, किंबहुना काकणभर जास्तच, फरक गाईडमुळे पडतो. पुढचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय.

आधी उन्हाळ्याची सुट्टी लॅबमध्ये काढा

बी.एस्सी.च्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत दोन महिने संशोधनाच्या लॅबमध्ये घालवल्याशिवाय पीएच.डी.चा निर्णय घेऊ नका. पुस्तकातलं क्रेब्स सायकल आवडणं वेगळं आणि सकाळी लावलेल्या पीसीआरचा (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) संध्याकाळी जेलवर एकही बँड (पट्टा) न दिसणं, मग दुसऱ्या दिवशी उठून तेच पुन्हा लावणं वेगळं. या कामात वाट पाहणं खूप असतं. कॉलम हळूहळू टपकत असतो, पेशी वाढत असतात, सेंट्रिफ्यूज फिरत असतं. ते ज्यांना सोसतं, त्यांनी पुढे यावं.

सुट्टीतल्या कामासाठी देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांची मिळून एक समर फेलोशिप असते. तिचे अर्ज आधीच्या वर्षाच्या अखेरीकडेच भरावे लागतात, त्यामुळे मार्चमध्ये जागे होणाऱ्यांची संधी हुकते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेचा व्हीएसआरपी हा असाच कार्यक्रम आहे. दोन्हीकडे नाही जमलं, तर आपल्याच कॉलेजातल्या एखाद्या सरांना किंवा मॅडमना गाठा. अमायलेज या एन्झाइमची अ‍ॅक्टिव्हिटी मोजण्याचा छोटा प्रोजेक्टसुद्धा चालेल, पण तो स्वतःच्या हातांनी पूर्ण करायचा.

एम.एस्सी.चे दरवाजे

हा भाग पटकन उरकतो, कारण परीक्षांची माहितीपत्रकं दरवर्षी बदलतात आणि ती मुळातूनच वाचायला हवीत.

जॅम ही आयआयटींसारख्या संस्थांतल्या एम.एस्सी.ची सामायिक प्रवेशपरीक्षा. तिचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर फेब्रुवारीत होतो आणि अर्ज आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरात निघतात. तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. आयआयटी मुंबईची एम.एस्सी. बायोटेक्नॉलॉजी आणि बंगळुरूच्या आयआयएस्सीची (भारतीय विज्ञान संस्था) इंटिग्रेटेड पीएच.डी. (एम.एस्सी. आणि पीएच.डी. एकत्र) याच वाटेने मिळते. या पेपरात गणित, भौतिक आणि रसायनही असतं. बारावीनंतर गणित सोडलेल्यांनी तिथे घाबरण्याऐवजी तीन महिने आधी बारावीची पुस्तकं पुन्हा उघडावीत.

गॅट-बी ही केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची प्रवेशपरीक्षा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा बायोटेक्नॉलॉजी विभाग, बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ, गोवा विद्यापीठाची मरीन बायोटेक्नॉलॉजी, दिल्लीचं जेएनयू अशी मंडळी तिच्यातून प्रवेश देतात. या जागांवर दरमहा विद्यावेतनही मिळतं. हैदराबाद विद्यापीठासारख्या केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही प्रवेशपरीक्षा आहे. राज्यात नागपूर, कोल्हापूर आणि जळगाव इथल्या विद्यापीठांत बायोकेमिस्ट्री शिकवली जाते. तिथली फी बेताची असते आणि तिथून पुढे गेलेली मुलं काही कमी नाहीत.

दोन गोष्टींत गल्लत होते. एक, मेडिकल कॉलेजातली एम.एस्सी. मेडिकल बायोकेमिस्ट्री. ती तीन वर्षांची असते, तिचा अभ्यासक्रम मेडिकलचा असतो आणि पुढची वाटही निराळी. संशोधनासाठी म्हणून तिकडे जाऊ नका. दुसरी, नव्या शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी. ती पूर्ण केली तर एम.एस्सी. एका वर्षाची होते, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर थेट पीएच.डी.लाही अर्ज करता येतो. नियम तसा आहे खरा. पण लॅबचा सराव कमी असेल तर ते वाचलेलं वर्ष पुढे पीएच.डी.त दोन वर्षांनी वसूल होतं.

रसायनशास्त्राच्या पदवीधरांनी "आमचं बायोलॉजी कच्चं आहे" म्हणून मागे राहू नये. पीएच, बफर, अभिक्रियेचा वेग आणि स्पेक्ट्रोस्कोपी ज्याला येते त्याला पेशींचं उरलेलं शिकता येतं. उलटा प्रवास जास्त जड जातो.

एम.एस्सी.त काय कमवायचं

गुणपत्रिकेपेक्षा तीन-चार कौशल्यं हाताशी असणं महत्त्वाचं. पायपेटिंग अचूक हवं. साधी गणितं डोक्यात करता यायला हवीत: १ मोलर ट्रिस बफरपासून ५० मिलीमोलरचं २५० मिली द्रावण करायचं तर स्टॉक किती? साडेबारा मिली. हे विचारल्यावर मोबाईल काढावा लागत असेल, तर रोज पाच गणितं सोडवा. ब्रॅडफर्ड पद्धतीने प्रोटीन मोजताना बीएसए या प्रमाण प्रोटीनचा स्टँडर्ड कर्व्ह स्वतः काढा आणि नमुन्याचं ५९५ नॅनोमीटरचं रीडिंग त्या कर्व्हच्या सरळ भागात बसतंय का ते बघा. कर्व्ह वाकतो तिथलं रीडिंग घेऊन आकडा लिहिणारे खूप असतात.

लॅब नोटबुक पक्क्या शाईने लिहायची, तारीख टाकायची, न जमलेले प्रयोगही नोंदवायचे. केमिकलचा लॉट नंबर लिहून ठेवण्याचा कंटाळा येतो, पण सहा महिन्यांनी अँटिबॉडी अचानक काम करेनाशी होते तेव्हा तोच नंबर उपयोगी पडतो.

शेवटच्या सत्राचं डिझर्टेशन (संशोधन प्रकल्प) हा या दोन वर्षांचा गाभा. विद्यापीठाची परवानगी असेल तर ते बाहेरच्या संशोधन संस्थेत करा. पुण्यात एनसीसीएस, एनसीएल, आयसर. नवी मुंबईत खारघरला अ‍ॅक्ट्रेक. मुंबईत टीआयएफआर आणि बीएआरसी. जागा थोड्या आणि मागणी मोठी, म्हणून पत्रव्यवहार सहा-आठ महिने आधी सुरू करायला हवा. आणि तिथे गेल्यावर "सहा तंत्रं शिकलो" अशी यादी वाढवण्यापेक्षा एकच प्रश्न धरून शेवटपर्यंत न्या. मुलाखतीत यादीवर कोणी फार बोलत नाही, प्रश्नावर अर्धा तास बोलतात.

थोडी आर किंवा पायथन ही संगणकाची भाषाही शिकून घ्या. प्रोटीनच्या रचनेच्या अंदाजासाठी अल्फाफोल्ड आता रोजच्या वापरात आलंय, त्यामागच्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. त्यातून आलेल्या रचनेचा कुठला भाग विश्वासार्ह आहे हे न बघता सुंदर चित्र स्लाइडवर लावलेलं मात्र परीक्षकांना लगेच कळतं.

नेट, बेट आणि जेजीबिल्स

सीएसआयआर-नेट ही जेआरएफ (संशोधन करताना मिळणारी फेलोशिप), सहायक प्राध्यापकपद आणि पीएच.डी. प्रवेशासाठीची पात्रता परीक्षा. तिचा लाइफ सायन्सेसचा पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न, प्रत्येकी २ गुण. भाग ब मध्ये ५० पैकी ३५, तेही दोन-दोन गुणांचे. भाग क मध्ये ७५ पैकी फक्त २५ सोडवायचे, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निम्मे गुण एकट्या क भागात. चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो.

या रचनेतच अभ्यासाची दिशा आहे. अभ्यासक्रमात १३ घटक आहेत आणि तेराही करायला जाणारी मुलं क भागात गळतात. बायोकेमिस्ट्रीवाल्यांनी रेणूंचा पहिला घटक, पेशीरचना, रेप्लिकेशन-ट्रान्सक्रिप्शन-ट्रान्सलेशनचा तिसरा घटक, पेशींमधलं सिग्नलिंग आणि शेवटचा 'मेथड्स' हे घटक कोळून प्यावेत. त्यात आनुवंशिकी आणि प्राण्यांचं शरीरविज्ञान जोडावं. इकॉलॉजी, जैवविविधता वाचल्या तर वाचल्या. मागच्या दहा वर्षांचे क भागाचे प्रश्न विषयवार लावून सोडवा, आणि प्रत्येक प्रश्नात चुकीचे पर्याय का चुकीचे आहेत ते एका ओळीत लिहा. हे कंटाळवाणं काम क्लासच्या नोट्सपेक्षा जास्त गुण देतं.

२०२४ पासून नेटच्या निकालात तीन गट पडतात: जेआरएफ व सहायक प्राध्यापक, सहायक प्राध्यापक व पीएच.डी. प्रवेश, आणि फक्त पीएच.डी. प्रवेश. नंतरच्या दोन गटांत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि ते गुण प्रवेशासाठी एकच वर्ष चालतात. निकाल लागल्यावर "बघू पुढच्या वर्षी" म्हणून बसू नका.

जैवतंत्रज्ञान विभागाची बेट आणि आयसीएमआरची जेआरएफ परीक्षा, दोन्ही द्या. अभ्यास बराचसा तोच. डिसेंबरात होणारी जेजीबिल्स ही प्रवेशपरीक्षा मात्र वेगळ्या धाटणीची आहे. टीआयएफआर आणि बंगळुरूच्या एनसीबीएससारख्या संस्था तिच्यातून मुलं घेतात. तिथे पाठांतर फारसं चालत नाही. आलेख दिलेला असतो, प्रयोग सांगितलेला असतो, त्यातून निष्कर्ष काढायचा असतो.

गाईड कसा शोधायचा

इथे घाई करू नका. पाच-सहा वर्षं ज्यांच्या सहीशिवाय तुमचं पान हलणार नाही, त्यांची निवड करायला निदान दोन महिने द्या.

पबमेड या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन सूचीवर त्यांचे गेल्या पाच वर्षांतले पेपर काढा. पहिलं नाव विद्यार्थ्यांचं आहे का, की सगळीकडे बाहेरच्या सहकाऱ्यांचं? एका विद्यार्थ्याच्या नावावर पाच वर्षांत निदान एक चांगला पेपर निघतोय का? मग शोधगंगेवर जा. तिथे देशभरातले पीएच.डी. प्रबंध ठेवलेले असतात आणि गाईडच्या नावानेही शोध घेता येतो. त्यांच्या विद्यार्थ्यांचे दोन-तीन प्रबंध उघडा. शेवटचं प्रकरण अर्धवट वाटतं का ते पाहा. आणि ऋणनिर्देश जरूर वाचा. मुलं तिथे बरंच काही सांगून जातात: कोणाचे आभार मनापासून मानलेत, कोणाचे दोन ओळींत उरकलेत, हे नजरेतून सुटत नाही.

त्यानंतर त्या लॅबमधल्या आणि लॅब सोडून गेलेल्या विद्यार्थ्यांशी फोनवर बोला. ईमेलवर कोणी खरं लिहीत नाही. "सर कसे आहेत?" असं विचारलं तर "चांगले आहेत" एवढंच उत्तर मिळेल. नेमकं विचारा. लॅब मीटिंग किती दिवसांनी होते? मसुदा दिला की दुरुस्त होऊन कधी येतो? कोणी अर्धवट सोडून गेलंय का? चौथ्या वर्षात विषय बदलायला लावला का? सुट्टी मागितली तर काय होतं? चालू प्रकल्पाचा निधी अजून किती वर्षांचा आहे, हा प्रश्न मात्र थेट गाईडलाच विचारा. चांगला गाईड या प्रश्नाने नाराज होत नाही.

गाईडकडे जागा आहे का हेही तपासावं लागतं. २०२२ च्या यूजीसी नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. नामांकित मोठ्या लॅबमध्ये यंत्रं भरपूर असतात, गाईड महिन्यातून एकदा दिसतात. नव्याने रुजू झालेल्या शास्त्रज्ञाकडे यंत्रं कमी, पण ते स्वतः बेंचवर तुमच्या शेजारी उभे राहतात. पहिल्यांदाच शिकणाऱ्याला मी दुसरा पर्याय सुचवेन, फक्त त्यांच्या हातात निदान तीन वर्षांचा निधी आहे याची खात्री करून.

पत्र लिहिताना "मला तुमच्या संशोधनात खूप रस आहे" हे वाक्य काढूनच टाका, दिवसाला अशी कितीतरी पत्रं येतात. त्यांचा एक पेपर नीट वाचा आणि लिहा: "तुमच्या अमुक पेपरातल्या तिसऱ्या आकृतीत म्युटंटची अ‍ॅक्टिव्हिटी पूर्ण जात नाही. तिथे दुसरा एन्झाइम काम करत असेल का, हे तपासलं होतं का?" मग तुम्ही काय शिकलाय ते दोन ओळींत, फेलोशिप आहे की नाही ते एका ओळीत, सोबत दोन पानी सीव्ही. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

मुलाखतीच्या टेबलावर

संशोधन संस्थांच्या मुलाखतीत तुमची माहिती किती आहे यापेक्षा तुम्ही विचार कसा करता हे बघतात. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे नमुन्यातलं एखादं प्रोटीन अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत. तिच्यावरच्या प्रश्नाचा एक नमुना घ्या.

"वेस्टर्न ब्लॉट केला, एकही बँड आला नाही. काय कराल?"

"अँटिबॉडी वाढवेन" हे पहिलंच उत्तर दिलं की पुढचा प्रश्न खोचक येतो. उत्तराची बांधणी अशी हवी: प्रोटीन मेम्ब्रेनवर आलं का हे आधी पॉन्सो या रंगद्रव्याने रंगवून बघेन. आलं असेल तर ज्या नमुन्यात हे प्रोटीन नक्की असतं तो पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लावेन. त्यातही बँड नसेल तर दोष अँटिबॉडीत किंवा डिटेक्शनमध्ये. सेकंडरी अँटिबॉडी योग्य प्राण्याविरुद्धची आहे का, आणि बफरमध्ये सोडियम अझाइड तर नाही ना, कारण ते सेकंडरी अँटिबॉडीला जोडलेलं, बँड दाखवणारं एचआरपी एन्झाइम बंद पाडतं. पॉझिटिव्ह कंट्रोलमध्ये बँड आहे पण माझ्या नमुन्यात नाही, तर मग प्रोटीन खरंच तिथे नसेल, आणि तो निकालच आहे. हे शेवटचं वाक्य बोलणारी मुलं परीक्षकांच्या लक्षात राहतात.

दुसरा, दिसायला सोपा प्रश्न. "ट्रिस बफरचा पीएच २५ अंशांवर ७.५ केला आणि कोल्ड रूममध्ये ४ अंशांवर प्रोटीन शुद्ध करायला घेतलं. पीएच किती?" ट्रिसचा पीएच तापमान एक अंशाने उतरलं की साधारण ०.०२८ ने चढतो. एकवीस अंशांचा फरक म्हणजे जवळपास ०.६, म्हणून तिथे पीएच ८.१ च्या आसपास असेल. आकडा पाठ नसला तरी "बदलेल, आणि वाढेल" एवढं म्हटलं तरी गाडी पुढे सरकते.

केएम (सब्सट्रेटच्या ज्या प्रमाणाला एन्झाइमचा वेग कमाल वेगाच्या निम्मा असतो ते) मोजायचा तर सब्सट्रेट किती घ्याल, हेही हमखास विचारतात. अंदाजे केएमच्या पाचव्या हिश्श्यापासून पाचपटीपर्यंत, आणि सुरुवातीचा वेग मोजायचा म्हणजे सब्सट्रेटचा छोटासाच भाग संपलेला असताना. येत नसलेल्या प्रश्नावर "माहीत नाही, पण मी असा विचार करेन" असं म्हणून फळ्यावर आकृती काढायला लागा. गप्प बसणं सर्वांत महाग पडतं. आणि स्वतःच्या डिझर्टेशनमधलं प्रत्येक केमिकल कशासाठी घातलं होतं ते माहीत हवं. "प्रोटोकॉलमध्ये होतं म्हणून" हे उत्तर दिलं की मुलाखत तिथेच संपल्यात जमा.

पैशाचं गणित

जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० आणि त्यापुढची एसआरएफ ४२,००० रुपये आहे. वर शहराच्या वर्गाप्रमाणे घरभाडे भत्ता. मुंबई आणि पुणे वरच्या वर्गात येतात. पहिली दोन वर्षं जेआरएफ, मग समितीसमोर कामाचा आढावा देऊन तीन वर्षं एसआरएफ. एकूण पाच.

नेटची जेआरएफ नसेल तर महाराष्ट्रातल्या मुलांनी राज्याच्या संस्थांकडे बघावं. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, इतर मागास व भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती देतात. जाहिराती निघतात तेव्हा पीएच.डी.ची नोंदणी झालेली असावी लागते, म्हणून विद्यापीठाच्या पेट या पीएच.डी. प्रवेशपरीक्षेचं आणि संशोधन मान्यता समितीच्या बैठकीचं वेळापत्रक जुळवून ठेवा. फेलोशिप कुठलीही असो, पैसे दर महिन्याला पगारासारखे येतील असं धरू नका. कधी चार-पाच महिन्यांचे एकदम येतात. रुजू होताना तेवढ्या महिन्यांच्या खर्चाची सोय घरून किंवा साठवणीतून करून ठेवा.

गाईडच्या प्रकल्पावरची जेआरएफ ही निराळी गोष्ट. प्रकल्प संपला की तीही संपते. ती घेताना पीएच.डी.ची नोंदणी मिळणार का, हे आधी स्पष्ट करून घ्या.

परदेशी जायचं असेल तर

अमेरिकेत बायोकेमिस्ट्रीची पीएच.डी. बहुधा पूर्ण खर्चासह मिळते, एम.एस्सी. असण्याची सक्ती नसते आणि पहिल्या वर्षी तीन-चार लॅबमध्ये रोटेशन करून गाईड निवडता येतो. ही रोटेशनची पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. अर्जांची मुदत डिसेंबरच्या आसपास, मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत. जीआरई ही परीक्षा बऱ्याच विभागांनी सोडून दिलीय. अर्जाची फी जड असते, पण ती माफ करण्याची विनंती करता येते आणि ती अनेकदा मान्यही होते. स्वतःच्या खर्चाने अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करून मग पीएच.डी.चं बघू, हा बेत कर्ज काढून आखू नका.

जर्मनीत पीएच.डी.साठी बहुधा मास्टर्स लागते. सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी फी जवळपास नसते, पण भारतीय विद्यार्थ्यांना व्हिसासाठी एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासल्याचं) प्रमाणपत्र काढावं लागतं आणि त्याला वेळ लागतो. गॉटिंगनचा मॉलिक्युलर बायोलॉजीचा एम.एस्सी.-पीएच.डी. जोड कार्यक्रम या विषयासाठी नावाजलेला आहे.

पीएच.डी.ची वर्षं

पहिल्या वर्षी किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क आणि विषयाची मांडणी. नियमाप्रमाणे पीएच.डी.ची किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, त्यावर दोन वर्षांची वाढ. महिलांना आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षं, आणि महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. या तरतुदी लेखी आहेत, मागायला संकोच करू नका.

फेलोशिप पाच वर्षांची आणि काम सहा वर्षांचं, ही खरी अडचण. म्हणून तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस मुख्य आकृत्या कोणत्या असतील हे कागदावर काढा. चौथ्या वर्षी नवीन प्रयोग सुचला की तो त्यातल्या कुठल्या आकृतीत बसतो ते विचारा. बसत नसेल तर पुढच्या विद्यार्थ्यासाठी ठेवा. प्रबंधापूर्वी पेपर छापून आलाच पाहिजे ही यूजीसीची अट २०२२ च्या नियमांत गेली, तरी अनेक संस्था आपापल्या अटी ठेवतात आणि पोस्टडॉकसाठी (पीएच.डी.नंतरच्या संशोधनासाठी) तर पेपर लागतोच.

प्रबंध जाडजूड करण्याचा हट्ट सोडा. दुर्गाबाई भागवतांच्या धाकट्या भगिनी कमला सोहोनी यांना मुलगी म्हणून बंगळुरूच्या आयआयएस्सीत आधी प्रवेश नाकारला गेला होता. पुढे त्यांनी १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. वनस्पतींच्या ऊतींमध्ये सायटोक्रोम सी असतं हे दाखवणारा त्यांचा प्रबंध अवघा ४० पानांचा होता. आजच्या विद्यापीठांना तेवढ्या पानांत समाधान वाटणार नाही, पण पहिल्या प्रकरणात पाठ्यपुस्तकातली साठ पानं उतरवायची गरज नाही. साहित्याचा आढावा चौथ्या वर्षापासून थोडा थोडा स्वतःच्या शब्दांत लिहीत गेलात, तर शेवटच्या महिन्यात वाङ्मयचौर्य तपासणीच्या अहवालात लाल रंग कमी दिसेल आणि प्रबंध वेळेत जमा होईल.